कातळाचे म्हणणे : कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यातील पदभ्रमण

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात महाराष्ट्रातील सह्याद्री आपली सर्वाधिक उंची गाठतो. कळसूबाई हे राज्यातील सर्वोच्च शिखर (१,६४६ मीटर) येथेच असून त्याच्या दक्षिणेस रतनगड आणि त्यापुढे हरिश्चंद्रगडाचे विस्तीर्ण पठार आहे. हा सुमारे ३६२ चौरस किलोमीटरचा डोंगराळ प्रदेश १९८६ साली वन्यजीव अभयारण्य म्हणून घोषित झाला. शाळांच्या सहली, गिर्यारोहण मंडळे आणि हौशी पदयात्री यांची येथे आता वर्षभर वर्दळ असते. येथील नियम पुष्कळांना जाचक वाटतात. वास्तविक त्यांतील बरेचसे नियम या डोंगरांच्या घडणीतूनच आलेले आहेत.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून लाव्हारस वारंवार बाहेर पडला आणि थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. प्रस्तुत लेखक कलाशाखेचा. भूशास्त्राशी त्याचा परिचय घाटरस्त्याच्या कापलेल्या दरडीत दिसणाऱ्या आडव्या पट्ट्यांपुरताच. परंतु तेवढ्यावरही येथील बरेच नवल उलगडते. सगळे थर सारखे कठीण नसतात. काही घट्ट काळ्या कातळाचे, तर काही सच्छिद्र व ठिसूळ. ऊन, वारा आणि पाऊस यांच्या माऱ्याने ठिसूळ थर आधी झिजतात आणि वरचा कठीण थर अधांतरी राहतो.

हरिश्चंद्रगडाच्या पश्चिमेचा कोकणकडा पाहताना ही गोष्ट मनात ठेवावी. हा कडा सरळ भिंतीसारखा नाही. नागाच्या फण्याप्रमाणे तो आत वळलेला, अंतर्गोल आहे. म्हणजे ज्या काठावर प्रवासी उभा राहतो, त्या काठाखाली कित्येक ठिकाणी आधारच नसतो! शिवाय खालून कोकणातील वारा एवढ्या वेगाने वर चढतो की, टाकलेली हलकी वस्तू परत वर येते. जाणते वाटाडे काठापासून दूर थांबवतात आणि पाहायचेच असेल तर पालथे पडून, मागून कोणीतरी धरलेले असताना पाहावयास सांगतात, ते यासाठी. पावसाळ्याच्या सुमारास सकाळी सूर्य पाठीशी आणि समोर दरीत धुके असले, तर आपली सावली वर्तुळाकार इंद्रधनुष्यात वेढलेली दिसते. यालाच इंद्रवज्र म्हणतात. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने येथील या दृश्याचे केलेले वर्णन १८३५ साली प्रसिद्ध झाले होते.

रतनगडाच्या माथ्यावरील नेढे, म्हणजे कातळास आरपार पडलेले भोक, हेही झिजेचेच काम. साम्रदजवळची सांदण दरी मात्र निराळी. येथे कातळ उभा चिरला गेला असून दोन्ही बाजूंना उंच भिंती आणि मध्ये काही जागी जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट आहे. हिवाळ्यातही कमरेएवढे पाणी लागते. या घळीत पाऊस पडलाच पाहिजे असे नाही. वरच्या माळावर सर आली तरी सारे पाणी याच चिरेतून धावते आणि बाजूला चढून जाण्यास जागा नसते. पावसाळ्यात सांदणमध्ये उतरणे म्हणूनच सर्वथा वर्ज्य होय.

पाण्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. रतनगडावरून प्रवरा आणि हरिश्चंद्रगडावरून मुळा उगम पावते. १९२६ साली पूर्ण झालेले भंडारदऱ्याचे धरण प्रवरेवरच आहे. घाटघर–रतनवाडी परिसरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. असे असूनही येथील महादेव कोळी व ठाकर वस्त्यांतील विहिरी चैत्र–वैशाखात आटतात, कारण उतारावरचा कातळ पाणी धरून ठेवीत नाही, ते वाहून जाते. अशा वेळी गडावरील खोदीव टाक्यांचे पाणी किती मोलाचे, हे वेगळे सांगावयास नको. गडावर राहणारे कुटुंब, त्याची गुरे आणि वन्यप्राणी यांना तेच पाणी लागते. त्यात साबणाने हात धुणारा पाहुणा मात्र दुसऱ्या दिवशी निघून जातो.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील कलम २७ व २८ अन्वये अभयारण्यात प्रवेशास परवाना लागतो आणि कलम ३० अन्वये आग लावण्यास मनाई आहे. शेकोटीचे आकर्षण तरुणांना फार; पण डिसेंबरनंतर येथले गवत वाळलेले असते आणि डोंगरउतारावर वणवा विझविणे किती अवघड, हे त्या भागातील कोणत्याही ग्रामस्थास विचारावे. गवत जळाले की पहिल्या पावसात माती खाली येते आणि ती पुढे धरणात जाऊन बसते.

पायथ्याच्या काही गावांत ग्रामस्थांच्या समित्या प्रवेशशुल्क घेतात. वाटाड्याचे काम, जेवण आणि मुक्कामाची सोय यांतून घराघरात चार पैसे येतात. या रकमेतील काही भाग झरे व टाक्यांच्या सफाईसाठी राखून ठेवण्याचा ठराव ग्रामसभेत करता येईल. हा भाग बहुतांशी अनुसूचित क्षेत्रात मोडत असल्याने येथील ग्रामसभेस १९९६ च्या पेसा कायद्याचेही पाठबळ आहे.

सहल आणणाऱ्या शिक्षकांनी हरिश्चंद्रगडासाठी पाचनईची वाट धरावी. ती तुलनेने सोपी आहे. परवान्यासाठी संबंधित वनपरिक्षेत्र कार्यालयाकडे अगोदर अर्ज करावा, गावातील वाटाड्या सोबत घ्यावा, प्रत्येक मुलाकडे स्वतःचे दोन लिटर पाणी असावे आणि काळोख पडण्यापूर्वी सर्व तुकडी मोजून खाली उतरलेली असावी.