हेदवकर व हेदवीकर : एका विरळ आडनांवाची मीमांसा

१. रत्नागिरी जिल्ह्यांतील गुहागर तालुक्यांत समुद्रकांठीं मौजे हेदवी हा गांव आहे. वासिष्ठीच्या मुखाशीं अंजनवेल व शास्त्री नदीच्या मुखाशीं तवसाळ, या दोहोंच्या दरम्यान उत्तरेकडून दक्षिणेकडे गुहागर, असगोली, पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, नरवण असे गांव किनाऱ्यानें लागतात. दशभुज लक्ष्मीगणेशाचें देवालय, समुद्रकांठचें उमामहेश्वराचें स्थान आणि भरतीचें पाणी जींतून उंच उसळतें ती बामणघळ, यांमुळें हेदवीचें नांव यात्रेकरूंस परिचित आहे. या गांवावरून झालेलें 'हेदवकर' हें आडनांव मात्र विरळ आहे. 'हेदवीकर' हें त्याचेंच दुसरें रूप. आडनांव विरळ असलें म्हणजे तें धारण करणारीं सर्व घराणीं एकाच मूळ पुरुषाचीं, व तो मूळ पुरुष त्या गांवचा वतनदार, अशी समजूत कुलवृत्तांत लिहिणारांत आणि जुने कागद जमविणारांत सहज रूढ होते. ही समजूत टिकण्यासारखी नाहीं असें आमचें मत आहे. तें कां, व तिच्या जागीं कोणती रीत स्वीकारावी, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

२. ग्रामनामास 'कर' हा प्रत्यय लागून झालेलें आडनांव गांवांत जन्मत नाहीं, गांवाबाहेर जन्मतें, ही गोष्ट प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. हेदवींत राहणाऱ्या माणसास त्याचा शेजारी हेदवकर म्हणणार नाहीं; कारण तेथें सगळेच हेदवीचे. तेथें मनुष्य ओळखला जातो तो वाडीवरून, धंद्यावरून, देवाच्या मानावरून किंवा बापाच्या नांवावरून. तोच मनुष्य घाटावर किंवा मुंबईस जाऊन राहिला म्हणजे 'हेदवीचा' ही त्याची खूण होते व दोन पिढ्यांत ती त्याच्या मुलानातवंडांस चिकटते. नीरेकांठच्या होळ गांवावरून होळकर हें नांव झालें. पण त्या नांवाची कीर्ति व वस्ति इंदूर आणि माळव्यांत. विलायतेंतही हाच प्रकार आहे. डरहॅम परगण्यांतील वॉशिंग्टन नांवाच्या गांवावरून एका घराण्यास आडनांव मिळालें, आणि तें जगभर झालें अमेरिकेंत. यास्तव हेदवकरांचें घर खुद्द हेदवींत न आढळलें तर नवल मानूं नये. क्वचित् आढळलेंच, तर तें घराणें एकदां बाहेर जाऊन, नांव घेऊन, पुन्हा परत आलें काय, हें आधीं पाहावें.

३. कागदांत 'कर' प्रत्ययाचा शब्द दिसला कीं तें आडनांवच, असेंही धरून चालूं नये. अशा शब्दाच्या तीन अवस्था आम्हांस दिसतात. पहिल्या अवस्थेंत तो केवळ विशेषण असतो. 'पुणेकर' म्हणजे पुण्याचा दरबार, 'सातारकर' म्हणजे साताऱ्याचे छत्रपति, असा अर्थ जुन्या पत्रव्यवहारांत नेहमींचा आहे; त्याच न्यायानें 'हेदवीकर' म्हणजे हेदवीची मंडळी एवढाच अर्थ संभवतो. दुसऱ्या अवस्थेंत तो शाखेचें नांव होतो व मूळ कुलनाम त्याच्या मागून येतें. नागपूरकर भोसले, इचलकरंजीकर घोरपडे हीं प्रसिद्ध उदाहरणें. यांतील इचलकरंजीकर तर मूळचे जोशी. घोरपडे हें नांव त्यांनीं धन्याच्या निष्ठेनें घेतलेलें. तिसऱ्या अवस्थेंत मागचें कुलनाम गळून पडतें आणि ग्रामनाम तेवढें उरतें. आडनांव म्हणावयाचें तें यासच. कागदांतील शब्द कोणत्या अवस्थेंतील आहे हें ओळखण्याची सोपी कसोटी अशी : घराण्यानें पुन्हा स्थलांतर केलें, तिसऱ्या गांवीं बिऱ्हाड केलें, आणि तरीही तें हेदवकरच राहिलें, तर नांव पक्कें झालें. तोंपर्यंत तें विशेषणच समजावें. 'खोत मौजे हेदवी' यासारखा उल्लेख तर अधिकाराचा व जागेचा आहे. त्यावरून आडनांव बनवूं नये.

४. आतां रूपांचा विचार करूं. ईकारान्त ग्रामनामास 'कर' लागतांना कोंकणांत व गोमंतकांत शेवटचा ईकार बहुधा लोपतो. मंगेशीवरून मंगेशकर, तेंडोलीवरून तेंडुलकर. त्याच रीतीनें हेदवीवरून हेदवकर. उलट सांगलीवरून सांगलीकर, बार्शीवरून बार्शीकर, वाईवरून वाईकर असा ईकार राखण्याचाही प्रघात आहे. म्हणून हेदवकर व हेदवीकर हीं दोन कुळें नव्हेत, एकाच शब्दाचे दोन उच्चार आहेत. ईकारच नव्हे, नांवाची अख्खी शेवटची अक्षरें गळाल्याचींही उदाहरणें आहेत. मावळंगे या गांवावरून मावळंकर झालें, आणि हेदवीच्या शेजारच्या वेळणेश्वराशीं ज्यांचें कुलदैवत व नांव दोन्ही निगडित आहेत ते वेलणकर झाले. येथें तर 'ळ'चा 'ल'ही झाला. भांडारकर संस्थेनें १९४४ सालीं प्रसिद्ध केलेल्या जिनरत्नकोशाचे कर्ते ह. दा. वेलणकर यांचें नांव हस्तलिखितांच्या अभ्यासकांस ठाऊक आहेच. ईकारलोपाच्या या नियमांत एक धोका आहे. दाभोळ हें वासिष्ठीच्या मुखावरचें बहामनी व आदिलशाही काळांतील मोठें बंदर. दाभोली हा वेंगुर्ल्याजवळचा निराळा गांव. पहिल्यावरून दाभोळकर, दुसऱ्यावरून दाभोलकर. आणि 'ळ' व 'ल' यांची अदलाबदल झाली कीं शेंपन्नास कोसांच्या अंतरावरचीं दोन घराणीं कागदावर एक होतात. गांवाच्या नांवाविषयीं एवढेंच सुचवितों कीं, हेद किंवा हेदू नांवाचा वृक्ष कोंकणच्या रानांत प्रसिद्ध आहे, आणि फणसवणें, चिंचघर, आंबवली यांप्रमाणें झाडावरून गांवास नांव पडणें या प्रांतांत अगदीं साधारण आहे. हेदवीची व्युत्पत्ति त्याच दिशेनें शोधावी.

५. लिपीमुळें होणारे घोटाळे याहून अधिक. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद राखीत नाहींत, शब्द तोडून लिहीत नाहींत, आणि ओळीची रेघ आधीं ओढून तिच्याखालीं अक्षरें लिहितात. यामुळें 'हेदवीकर' येथें एक शब्द आहे कीं 'हेदवी' येथें थांबून पुढें नवा शब्द सुरू होतो, हें संदर्भावरूनच ठरवावें लागतें. रोमन लिपीनें घातलेला घोळ याहून मोठा आहे. त्या लिपींत 'द' आणि 'ड' यांस एकच अक्षर, आणि अकार व आकार यांसही एकच. इंग्रजी अंमलांत ज्याचें नांव पगारपत्रकांत किंवा कोर्टाच्या कागदांत रोमन अक्षरांनीं लिहिलें गेलें, त्याचें नांव पुढें कोणी देवनागरींत परत आणलें म्हणजे हेदवकराचा हेडवकर किंवा हेदावकर होतो. मग त्या नव्या रूपास जुळणारा गांव शोधण्यांत माणसाचीं वर्षें जातात. असें अनोळखी रूप पुढें आल्यास प्रथम तें रोमन वळणांतून आलें आहे काय, हें तपासावें.

६. गांवाबाहेर पडण्याच्या वाटा कोणत्या होत्या, त्यांवरून आडनांवाचा प्रसार कळतो. पहिली वाट घाटाची. बाळाजी विश्वनाथ भट यांस १७१३ सालीं पेशवाई मिळाल्यावर कोंकणांतील अनेक कुटुंबें दरबाराच्या व फौजेच्या आश्रयानें वर गेलीं. गुहागरकडील लोकांस चिपळुणावरून कुंभार्ली घाटानें कऱ्हाडाकडे उतरणें सोयीचें. तेथून मराठी राज्यें जिकडे पसरलीं तिकडे, म्हणजे बडोदें, इंदूर, ग्वाल्हेर, सागर, नागपूर येथवर, कोंकणी ग्रामनामें गेलीं. दुसरी वाट समुद्राची. १८१८ सालीं पेशवाई बुडाली, व १८५४ नंतर मुंबईंत कापडाच्या गिरण्या निघाल्या. तेव्हांपासून रत्नागिरीचा चाकरमानी दाभोळ व जयगड येथील बंदरांतून मुंबई गांठूं लागला. गिरगांव, परळ, लालबाग येथील चाळींत एका गांवच्या लोकांनीं एकत्र खोल्या घेऊन राहावें, गांवचें मंडळ काढावें व शिमग्यागणपतीस घरीं यावें, ही रीत तेथेंच मुरली. हेदवकरांचा शोध करणारानें म्हणून प्रथम मुंबईकडे पाहावें, मग घाटावर, आणि हेदवीकडे सर्वांत शेवटीं. येथें कोणी खानेसुमारीचा आधार मागेल. १९३१ पर्यंतच्या खानेसुमारीच्या अहवालांत जातींचीं कोष्टकें आहेत, आडनांवांचीं नाहींत. हें काम मतदारांच्या याद्या, शाळांचे दाखले व देवळांतील देणगीदारांच्या शिळा यांवरूनच करावें लागतें.

हेदवी सोडून गेलेले सर्वच हेदवकर झाले नाहींत, हेंही येथेंच सांगितलें पाहिजे. ज्याचें कुलनाम आधींच पक्कें होतें त्यास ग्रामनामाची गरज नव्हती. गोपाळ कृष्ण गोखले १८६६ सालीं याच तालुक्यांतील कोतळूक येथें जन्मले, पण कोतळूककर झाले नाहींत. उलट मावळंकर घराणें बडोदें व अहमदाबादेकडे राहिलें, तरी रत्नागिरीचा गांव त्यांनीं नांवांत जपला. त्यांतील गणेश वासुदेव मावळंकर १९५२ सालीं लोकसभेचे पहिले सभापति झाले. विरळ आडनांवाचें एक कारण यावरून उमगतें. गांव लहान, आणि त्यांतून गेलेल्यांपैकीं ज्यांस नांव हवें होतें तेही थोडे.

७. हीं नांवें कायमचीं झालीं तीं बहुधा शाळेच्या पटावर, पलटणीच्या दप्तरांत व गिरणीच्या हजेरीपुस्तकांत. कारकुनानें आडनांव विचारलें म्हणजे उत्तर देणें भाग पडे, आणि पुष्कळांनीं गांव सांगितला. याचें सर्वांस ठाऊक असलेलें उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यांतीलच आहे. मंडणगड तालुक्यांतील आंबडवे येथील सकपाळ कुळांतील मुलाचें नांव साताऱ्याच्या सरकारी शाळेंत ७ नोव्हेंबर १९०० रोजीं 'भिवा रामजी आंबेडकर' असें दाखल झालें. पुढें राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर ते हेच. गांवाचें नांव जात सांगत नाहीं. एका गांवांतून ब्राह्मण, मराठा, भंडारी, महार, मुसलमान असे कोणीही निघाले तरी प्रत्यय तोच लागतो. तेव्हां दोन हेदवकर घराणीं भेटलीं आणि त्यांच्या जाति किंवा गोत्रें जुळलीं नाहींत, तर एकानें दुसऱ्याचें नांव चोरलें असें मानण्याचें कारण नाहीं. दोघांचे पूर्वज एकाच गांवाहून, निरनिराळ्या दिवशीं व निरनिराळ्या कारणांनीं, बाहेर पडले एवढेंच त्यावरून सिद्ध होतें.

८. मग एखाद्या घराण्याचा हेदवीशीं संबंध ठरवावा कसा? नुसत्या आडनांवावर विसंबूं नये. आम्ही पुढील तीन प्रमाणें मागूं. पहिलें, नाशिक व त्र्यंबक येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या. यात्रेकरूनें स्वतःचें नांव, वाडवडिलांचीं नांवें, मूळ गांव व हल्लींची वस्ति अशी तेथें नोंद केलेली असते, आणि ती कित्येकदां त्याच्याच हातची असते. दुसरें, जमिनीचा कागद. १८८० च्या खोती कायद्याच्या सुमारचीं बोटखतें व त्यापूर्वीं इनाम कमिशनापुढें दिलेल्या कैफियती यांत धारेकरी, कुळें व इनामदार नांवनिशीवार आढळतात. तिसरें, देवाचा मान. शिमग्यास ग्रामदेवतेच्या पालखीपुढें कोणाचा नारळ, कोणाचा खांदा, हें गांवकरी पिढ्यान् पिढ्या विसरत नाहींत. बाहेर गेलेल्या घराण्याचा मानही कोणी तरी भाऊबंद चालवीत असतो, आणि त्याचें आडनांव बहुधा निराळें असतें. तेंच हेदवकरांचें गळून पडलेलें मूळ कुलनाम होय. तिन्ही प्रमाणें एकत्र आलीं तर संबंध निश्चित, दोन आलीं तर संभवनीय. एकच आलें तर तें टिपून ठेवावें व थांबावें.

९. शेवटीं संग्राहकांस दोन शब्द. माळ्यावरील रुमाल सोडून एकेक कागद निवडतांना नांवें 'शुद्ध' करण्याचा मोह होतो. हेडवकर असें लिहिलेलें दिसलें कीं हेदवकर करावें, हेदवीकरांस हेदवकरांत मिळवावें, असें वाटतें. तसें करूं नये. कागदांत जसें आहे तसेंच उतरावें आणि आपलें अनुमान निराळें लिहावें. अशुद्ध रूप हीच त्या घराण्याच्या प्रवासाची खूण असते. तसेंच कागद कोणत्या गांवीं, कोणाच्या दप्तरांत, कोणत्या कागदांच्या सोबत मिळाला, हें त्याच दिवशीं पाठीशीं टिपावें. एक मोठी सनद जपून ठेवितात आणि तिच्या सोबतच्या हिशेबाच्या फर्दा रद्दीवाल्यास देतात; परंतु सनदेंत नांव असतें तें देणाराचें व घेणाराचें, आणि घर सोडून गेलेल्या गरिबाचें नांव कोठें राहिलें असेल तर त्या फर्देंतच राहिलें असेल. हेदवकर या नांवानें आज एखादा मनुष्य आपला गांव विचारीत आला, तर त्यास उत्तर देतां येईल तें अशाच फर्देवरून. ती वाळवीच्या आधीं आपल्या हातीं लागावी, एवढीच आमची इच्छा आहे.