रानडुकरांसाठी झटका मशीन घेताय? आधी ज्यूल आणि अर्थिंग समजून घ्या

तुरीच्या शेंगा भरल्या, हरभऱ्याला घाटे धरले की आर्णीकडच्या शेतकऱ्याची झोप उडते. एका बाजूला टिपेश्वरचं अभयारण्य, दुसरीकडे पैनगंगेचं जंगल आणि मधल्या झुडपांत रानडुकरांचे कळप. एका रात्रीत अख्खं वावर उकरून टाकतात. मग कोणी जागलीला जातं, कोणी बंदुकीच्या परवान्याची चौकशी करतं, आणि कोणी लाईनवर आकडा टाकून तारेत थेट करंट सोडतं. हा शेवटचा उपाय माणसाचा जीव घेतो. माझ्या मामांच्या वावरात मशीन बसवताना आजूबाजूच्या लोकांनी जे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं आज सोप्या भाषेत बघूया.

बंदूक ठेवली तर?

हा प्रश्न हमखास येतो. आपल्याकडे परवान्यावर मिळणारं नेहमीचं रिव्हॉल्वर .३२ चं असतं. त्याच्या गोळीत साधारण २०० ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. १२ बोअरच्या एका काडतुसात याच्या दहापटीहून जास्त ऊर्जा असते. मोठ्या नर डुकराच्या खांद्यावर जाड, चिवट कातडीचा थर असतो. तिथे लहान गोळी लागली तर डुक्कर पडत नाही, चवताळतं. त्यात अंधार, उभी पऱ्हाटी आणि शेजारच्या वावरात जागलीला बसलेला माणूस.

कायदाही बघा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार पिकाचं नुकसान करणारं डुक्कर मारायलासुद्धा वनखात्याच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्राणी मेला तर सूट आहे, पण ती पीक राखण्यासाठी नाही. म्हणून डुक्कर वावरात येऊच न देणं हा खरा उपाय.

झटका मशीन नेमकं काय करतं?

मशीनच्या आत एक कपॅसिटर असतो. १२ व्होल्टच्या बॅटरीवरून तो काही शे व्होल्टपर्यंत भरला जातो. भरला की इलेक्ट्रॉनिक स्विच उघडतो आणि सगळी ऊर्जा एका ट्रान्सफॉर्मरमधून तारेत फेकली जाते. तारेवर ५ ते १० हजार व्होल्टचा ठोका येतो, पण तो टिकतो सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढाच. मग साधारण सव्वा सेकंद तार शांत. टक... टक... असा जो आवाज येतो तो याचाच.

१० हजार व्होल्ट चालतात, मग २३० का नाही?

कारण जीव नुसत्या व्होल्टने जात नाही. शरीरातून किती करंट, किती वेळ गेला, यावर ते ठरतं.

माणसाच्या शरीराचा रोध ढोबळमानाने १००० ओहम धरा. २३० व्होल्टची तार हाताला लागली तर २३० मिलिअँपिअर करंट वाहतो. १५-२० मिलिअँपिअरलाच स्नायू आखडतात आणि तार सोडता येत नाही. १०० च्या पुढे हृदयाचे ठोके विस्कटतात. वर हा करंट थांबत नाही, सेकंदाला ५० ज्यूलच्या वर ऊर्जा शरीरात जात राहते.

झटका मशीनसाठी सुरक्षिततेचं मानक आहे: आयईसी ६०३३५-२-७६, आणि त्याचं भारतीय रूप आयएस ३०२-२-७६. त्यानुसार ५०० ओहमच्या भारावर एका ठोक्यात ५ ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा चालत नाही आणि दोन ठोक्यांत किमान एक सेकंद अंतर लागतं. त्या एका सेकंदात माणूस किंवा जनावर मागे सरकतं. जीव वाचतो तो या मोकळ्या सेकंदामुळे.

थेट करंटला तो सेकंदच नाही. २०१७ मध्ये नागभीड तालुक्यात प्रसिद्ध 'जय' वाघाचा बछडा 'श्रीनिवास' अशाच शेताच्या तारेला लागून मेला. पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारी किंवा आपलाच मुलगा त्या तारेला लागला तर? मग वीजचोरी बाजूला राहते, मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो.

किती ज्यूलची मशीन घ्यायची?

दुकानात 'बारा हजार व्होल्ट', 'पन्नास एकर' असं सांगतात. त्यावर जाऊ नका. एकच विचारा: आउटपुट किती ज्यूल? साठवलेले ज्यूल वेगळे. तारेवर त्यातले साधारण दोन तृतीयांशच पोचतात.

समजा ५ एकर चौकोनी वावर आहे. घेर येतो सुमारे ५७० मीटर. तीन तारा म्हणजे १.७ किलोमीटर तार. स्वच्छ धुऱ्यावर एका किलोमीटरला एक ज्यूल हा चांगला अंदाज. पण पावसाळ्यात गवत तारेला टेकतं आणि करंट गळतो. म्हणून इथे २ ते ३ ज्यूल आउटपुटची, आयएस किंवा आयईसी मानकाचा उल्लेख असलेली मशीन बरी.

अर्थिंग: निम्मं काम इथेच

झटका बसायला सर्किट पूर्ण व्हावं लागतं. तार, डुक्कर, माती, अर्थिंगचा रॉड आणि परत मशीन. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, माती रॉडपासून सुटते, आणि महाग मशीनही मुकी होते.

सहा फुटांचे तीन गॅल्व्हनाइज्ड रॉड, एकमेकांपासून दहा फुटांवर ठोका आणि एकाच तारेने जोडा. जागा ओलीची निवडा, उन्हाळ्यात पाणी ओता. पंपाच्या किंवा डीपीच्या अर्थिंगपासून किमान १० मीटर लांब राहा.

तपासणी सोपी आहे. मशीन बंद करून १०० मीटर दूर एक लोखंडी सळई तारेला टेकवून जमिनीत रोवा, मग मशीन चालू करा. तारेवरचा व्होल्टेज २००० च्या खाली आला पाहिजे. आता अर्थिंगच्या रॉडवर फेन्स टेस्टर लावा. ३०० व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर आणखी रॉड हवा. मामांच्या वावरात दोन रॉडवर ७०० दाखवत होतं, तिसरा ठोकून पाणी ओतल्यावर २०० वर आलं. सळई काढल्यावर कुंपणाच्या शेवटच्या टोकाला किमान ४ हजार व्होल्ट मिळायला हवेत.

तार किती उंचीवर?

डुक्कर नाक जमिनीला लावून चालतं आणि ते नाक ओलं असतं. म्हणून पहिली तार ८ इंचांवर, दुसरी १६ वर, तिसरी २४ वर. रोही येत असतील तर साडेतीन-चार फुटांवर आणखी एक तार.

बॅटरी आणि पॅनल

३ ज्यूलची मशीन साधारण ५ वॅट घेते. बारा तासांच्या रात्रीला ६० वॅट-तास, म्हणजे ५ अँपिअर-तास. लेड अ‍ॅसिड बॅटरी निम्मीच वापरायची असते. २६ अँपिअर-तासाची बॅटरी दोन-अडीच ढगाळ रात्री काढते. सोबत ४० वॅटचं पॅनल पुरतं.

हे मात्र करू नका

- काटेरी तारेत झटका सोडू नका. माणूस अडकला तर सुटता येत नाही.
- एका कुंपणाला दोन मशीन जोडू नका. ठोक्यांमधलं अंतर मोडतं.
- घरच्या विजेवर बॅटरी चार्ज करताना कुंपण आधी सोडवा.
- रस्त्याच्या बाजूला पाटी लावल्याशिवाय मशीन चालू करू नका.

खर्चाचं म्हणाल तर डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून जंगलालगतच्या गावांना सौर कुंपणासाठी अनुदान आहे. आपलं गाव त्यात बसतं का, हे वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. आणि आपल्या गावात कोणी तारेत थेट करंट सोडत असेल, तर त्याला तो मोकळा एक सेकंद समजावून सांगा.