‘बोलेल हळूहळू’ म्हणत थांबू नका

जिंतूरची वाडी असो की परभणी शहर, मूल बोलत नाही म्हटलं की घरात सल्ल्यांना सुरुवात होते. सल्ला देणाऱ्याच्या मनात मायाच असते, पण त्या नादात मुलाचं मोलाचं वर्ष हातचं जातं. म्हणून नेहमी कानावर येणारे हे पाच गैरसमज.

गैरसमज : त्याचा बापही उशिरा बोलला होता. बोलेल आपोआप.

वस्तुस्थिती : काही मुलं उशिरा बोलूनही बरोबरीला येतात. पण आपलं मूल त्यांतलंच, हे घरबसल्या ठरवता येत नाही. वर्ष-सव्वा वर्षात एखादा शब्द, दोन वर्षांपर्यंत ‘आई, पाणी’ अशी दोन शब्दांची जोडी, तिसऱ्या वर्षी छोटी वाक्यं, हा साधारण क्रम. मूल फार मागे असेल किंवा येत असलेले शब्द गेले असतील, तर लगेच तपासणी करा.

गैरसमज : ताट पडलं की वळून बघतो, म्हणजे ऐकू येतं.

वस्तुस्थिती : मोठा आवाज ऐकणाऱ्या मुलालाही ‘स’, ‘फ’सारखे हलके आवाज ऐकू येत नसतील. म्हणून पहिली तपासणी कानाची. ‘ओएई’ तपासणीत झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ टोकाची छोटी नळी काही मिनिटं ठेवतात. दुखत नाही, टोचत नाही. शंका राहिली तर ‘बेरा’ तपासणी करतात.

गैरसमज : जीभ जड आहे, वेखंड चाटवा.

वस्तुस्थिती : वेखंडाने बोलणं येत नाही, उलट बाळाला अपाय होऊ शकतो. जिभेखालचा पडदा आखूड असला तर काही उच्चार अडतात, पण शब्दच न येण्याचं कारण सहसा वेगळं असतं : कमी ऐकू येणं, स्वमग्नता, एकूण वाढीतला उशीर. ते तपासणीतच कळतं.

गैरसमज : घरात गोरमाटी किंवा उर्दू, अंगणवाडीत मराठी, म्हणून गोंधळलाय.

वस्तुस्थिती : दोन भाषांमुळे वाचादोष होत नाही. आईला जी भाषा मनापासून येते, तिच्यातच भरपूर बोला. तपासताना मुलाचे दोन्ही भाषांतले शब्द धरायला सांगा.

गैरसमज : उपचार म्हणजे पुण्या-मुंबईचा खर्च.

वस्तुस्थिती : 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते, अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी शाळेत एकदा. ऊसतोडीला गेल्यामुळे तपासणी हुकली असेल, तर परतल्यावर आशाताईंना किंवा अंगणवाडीताईंना सांगा. पुढच्या उपचारांसाठी या कार्यक्रमात ‘डीईआयसी’ या जिल्हा केंद्राची तरतूद आहे. परभणीच्या जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी करा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत वाचा व भाषेचं दिव्यांगत्वही आहे; कायमचा दोष असेल तर प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. खासगीत गेलात तर स्पीच थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे ना, हे विचारा.

थेरपीच्या तासाइतकंच घरचं बोलणं महत्त्वाचं. चेंडू हातात धरून ‘हवा?’ विचारा आणि मनात पाच आकडे मोजेपर्यंत थांबा. मुलाने नुसता आवाज काढला, तरी ‘हवा! घे चेंडू’ म्हणत द्या. रोज, खेळता-खेळता. मोबाईल दूर ठेवा आणि चुकलेल्या उच्चाराला हसू नका.

मनात शंका आली असेल, तर पुढच्या सणाची वाट पाहू नका. याच आठवड्यात कान तपासून घ्या.