आवाज कुठे फाटावा

तेलंगणातल्या मंचेरियलला आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे गृहस्थ सिंगरेणी कंपनीच्या मंदमर्री भागातल्या कोळसा खाणीत कामाला आहेत. रात्रपाळी करून सकाळी येतात, जेवतात आणि दुपारी तीनपर्यंत झोपतात. मधली भिंत अर्ध्या विटेची आहे. तिच्या अलीकडे, कपाटाशेजारी, माझा पन्नास वॉटचा व्हॉल्व्हचा गिटार अ‍ॅम्प्लिफायर ठेवलेला असतो. बल्लारशाहून काझीपेटकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचं, गोदावरीकाठचं हे गाव. पूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यात होतं, २०१६ पासून स्वतंत्र जिल्ह्याचं ठिकाण झालं. खाणी, सिमेंट आणि तीन पाळ्यांवर चालणाऱ्या या गावात दिवसाच्या कुठल्याही वेळी कोणीतरी दमून झोपलेलं असतं. या यंत्राचा खरा आवाज त्यांची झोप न मोडता कसा काढायचा, हे शिकण्यात माझी बरीच वर्षं गेली.

मांडवात लाउडस्पीकरवाल्याला सगळे एकच गोष्ट सांगतात : आवाज फाटतोय, कमी कर. भाषण, भजन, सनई, काहीही असो, फाटलेला आवाज म्हणजे दोष. गिटारवाल्याला मात्र नेमका तोच हवा असतो. पण कसाही फाटलेला चालत नाही. काठावर, जरासा, बोटाच्या जोराप्रमाणे कमीजास्त होणारा हवा. तार हळू छेडली तर स्वच्छ, जोरात छेडली तर घोगरा. याला वादक ‘टोन’ म्हणतात.

तंबोऱ्याची जवारी ज्याने जवळून ऐकली आहे त्याला हे लगेच कळेल. मिरजेचे कारागीर घोडीचा माथा घासून असा उतार देतात की तार सुटी न राहता घोडीला चाटत राहते. त्या चाटण्यातून मूळ स्वरावर उपस्वरांचा थर चढतो आणि तंबोरा बोलू लागतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच हातकौशल्याच्या परंपरेला. व्हॉल्व्ह, म्हणजे यंत्रातली काचेची नळी, तेच करतो, फक्त विजेत. त्याच्या क्षमतेपेक्षा मोठा संकेत आला की तो लहरीचा माथा एकदम छाटत नाही, आधी वाकवतो, मग चपटा करतो. त्या वाकण्यातून उपस्वर जन्मतात. म्हणून मी या यंत्राला विजेची जवारी म्हणतो.

यंत्र दिसायला साधं आहे. काळ्या रेक्झिनचं लाकडी खोकं, पुढे सहा-सात बटणं, मागे जाळी. आत लहान व्हॉल्व्ह तीन, ईसीसी८३ जातीचे. मोठे दोन, ईएल३४. शिवाय लोखंड-तांब्याचे दोन जड ट्रान्सफॉर्मर, ज्यांच्यामुळे खोकं उचलताना कंबर सांभाळावी लागते. बटण दाबलं की काहीच होत नाही. अर्ध्या मिनिटाने काचेच्या नळ्यांत नारिंगी उजेड धरतो आणि स्पीकरमध्ये बारीक खरखर जागी होते. पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना घरचा जुना रेडिओ आठवेल. तोही असाच तापायची वाट बघायला लावायचा, आणि काहींच्या तोंडावर स्टेशन नीट लागल्याचं दाखवणारा हिरवा डोळा असायचा. तत्त्व एकच आहे. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात, शेकडो व्होल्टच्या पत्र्याकडे धावतात, आणि मधली जाळी त्यांना कमीजास्त वाट देते. फ्लेमिंगने १९०४ मध्ये दोन टोकांची नळी केली, अमेरिकेत ली डी फॉरेस्टने १९०६ मध्ये तिच्यात तिसरं टोक घातलं. ट्रान्झिस्टर १९४७ चा. त्याने व्हॉल्व्हला रेडिओतून, टीव्हीतून, जवळपास सगळीकडून हुसकावलं. गिटारवाल्यांनी मात्र व्हॉल्व्ह सोडला नाही.

मग तो इतका मोठ्याने का ओरडतो? कारण तो घरासाठी केलेलाच नव्हता. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांचं ड्रमचं दुकान होतं. तिथे १९६२ च्या सुमारास अमेरिकी फेंडर बासमनच्या धर्तीवर त्यांचा पहिला अ‍ॅम्प तयार झाला. त्या काळी सभागृहातल्या ध्वनियंत्रणेत फक्त गाणाऱ्याचा माइक जायचा. गिटारचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत नेण्याचं काम अ‍ॅम्पने एकट्याने करायचं. ‘द हू’ या बँडच्या वादकांनी आणखी ताकद मागितली, आणि साठच्या दशकाच्या मध्यावर शंभर वॉटचं खोकं आलं. आज छोट्या कार्यक्रमातही अ‍ॅम्पसमोर माइक लागतो. गरज संपली, खोकं तेवढंच राहिलं.

गणित एकदा पाहिलं की पुष्कळ गैरसमज मिटतात. गिटारचा बारा इंची स्पीकर साधारण ९७ डेसिबलचा असतो, म्हणजे एक वॉट दिला तर एक मीटरवर ९७ डेसिबल. पन्नास वॉटला तो ११४ वर जातो. घरात सुखाने वाजवायला ७७ डेसिबल पुष्कळ झाले. त्यासाठी लागतो वॉटचा शंभरावा भाग. आणि सरकारी ध्वनिप्रदूषण नियम, २००० काय म्हणतात? वस्तीच्या भागात दिवसा ५५, रात्री ४५.

दुसरी गोष्ट, शंभर वॉटच्या ठिकाणी पन्नास वॉट केले तर फरक पडतो फक्त तीन डेसिबलचा. कानाला तो जेमतेम जाणवतो. आवाज निम्मा वाटायला ताकद दहापट कमी व्हावी लागते. म्हणून शंभर वॉटच्या अ‍ॅम्पमधले दोन मोठे व्हॉल्व्ह काढून ठेवा, असा सल्ला जो देतो त्याने स्वतः कान देऊन ऐकलेलं नसतं.

म्हणजे प्रश्न आवाज कमी करण्याचा नाहीच. तो काय, बटण फिरवलं की कमी होतो, आणि त्याबरोबर टोनही जातो. आवाज कुठे फाटावा, हा प्रश्न आहे. यंत्रात त्याच्या तीन जागा आहेत : पुढचे लहान व्हॉल्व्ह, मागचे मोठे व्हॉल्व्ह आणि स्पीकरचा कागद. १९६६ च्या ‘ब्लूज ब्रेकर्स विथ एरिक क्लॅप्टन’ या तबकडीत तिन्ही एकदम बोलतात. लंडनच्या डेका स्टुडिओत गिटारवादक क्लॅप्टनने मार्शल इतका चढवून वाजवला की ध्वनिमुद्रण करणारे हैराण झाले. तसं आपल्याला करता येत नाही. पण चार वर्षांनी त्याच माणसाने मायामीत ‘लैला’ या तबकडीच्या वेळी फेंडर चॅम्प वापरला. एकच मोठा व्हॉल्व्ह, ताकद जेमतेम पाच वॉट. लहान अ‍ॅम्प पूर्ण उघडला की तो मोठ्यासारखाच फाटतो. नव्याने घेणाऱ्याला मी म्हणेन, पाच वॉटच्या वर जाऊच नका.

ज्याच्या घरी पन्नास वॉट येऊन बसले आहेत त्याचं काय? मास्टर व्हॉल्यूम, म्हणजे मोठ्या व्हॉल्व्हकडे जाणारा संकेत आवरणारं बटण, असेल तर लहान व्हॉल्व्ह फाडता येतात. त्यात मधमाशीच्या गुणगुणीसारखा चिरका आवाज येतो, म्हणून गेन, म्हणजे लहान व्हॉल्व्हना चढवणारं बटण, निम्म्याच्या खाली ठेवून गिटारचं स्वतःचं बटण वापरावं. पहिल्या जागेवर ईसीसी८३ ऐवजी ईसीसी८१ बसवला की वर्धनांक शंभरावरून साठावर येतो आणि बटण हळुवार चालतं. मागे इफेक्ट लूप, म्हणजे लहान आणि मोठ्या व्हॉल्व्हच्या मधली जोडणी, असेल तर एका पोटेन्शिओमीटरची डबी तिथे जोडावी. स्वस्तातला हा उपाय माझ्याकडे सर्वांत जास्त वापरला गेला.

मोठे व्हॉल्व्ह फाडायचे असतील तर अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या मध्ये अटेन्युएटर हवा. अमेरिकेतल्या ‘बोस्टन’ बँडचे टॉम शोल्झ एमआयटीत शिकलेले अभियंते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी पॉवर सोक नावाने तो बाजारात आणला. अ‍ॅम्पची ताकद रोधांमध्ये उष्णता होऊन जाते, स्पीकरला थेंबभर पोचते. पन्नास वॉटचा अ‍ॅम्प चढवला की पन्नासच्या बराच वर जातो, म्हणून अटेन्युएटर शंभर वॉटचाच घ्यावा. पण अटेन्युएटरची डबी आणली की काम झालं असं नाही. फार खाली आणलं की आवाज घोंगडीखालून आल्यासारखा होतो. दोष बरेचदा डबीचा नसतो, कानाचा असतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं की आवाज लहान झाला की कानाला खर्ज आणि टीप दोन्ही कमी ऐकू येतात. म्हणून घरी दोन्ही थोडे वाढवावे लागतात.

आणि इथेच शेजाऱ्याची झोप मोडते. टीप भिंतीत अडकते, खर्ज अडकत नाही. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा स्वर ८२ हर्ट्‌झ आहे, त्याची लहर चार मीटरहून लांब. सतरंज्या, पडदे, अंड्यांचे ट्रे यांना ती दाद देत नाही. एका दुपारी ते गृहस्थ दारात येऊन शांतपणे म्हणाले, ‘‘भाऊ, गाणं ऐकू येत नाही, पण खाट थरथरते.’’ माझा स्पीकर जमिनीवर होता आणि खर्ज फरशीतून पलीकडे जात होता. त्या दिवशी मी स्पीकर लाकडी खुर्चीवर चढवला, खाली गादीच्या फोमचे दोन तुकडे घातले, तोंड भिंतीपासून वळवून माझ्या कानाकडे केलं आणि एक हात अंतरावर बसलो. आवाज निम्म्याहून कमी ठेवूनही मला जास्त ऐकू येऊ लागलं, कारण गिटारच्या स्पीकरची टीप विजेरीच्या झोतासारखी सरळ जाते आणि आजवर ती माझ्या गुडघ्यांवर पडत होती. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, तेव्हा खाट थरथरली नव्हती.

उन्हाळ्यात इथे आणखी एक गोष्ट घडते. आमच्या जिल्ह्यात जयपूरला सिंगरेणीचं १२०० मेगावॅटचं वीजकेंद्र आहे, तरी मे महिन्यात सगळ्यांचे कूलर लागले की आमच्या गल्लीच्या टोकाला व्होल्टेज १९० वर येतं. गिटारवादक एडी व्हॅन हॅलनने हेच मुद्दाम केलं होतं. व्हेरिअ‍ॅक लावून, म्हणजे व्होल्टेज कमीजास्त करणारं यंत्र जोडून, तो मार्शलला कमी दाब द्यायचा, त्याने तो लवकर फाटायचा. मलाही एका संध्याकाळी आवाज फार गोड लागला. पण २३० चे १९० झाले की तापणाऱ्या तारेचे ६.३ व्होल्ट ५.२ वर येतात, आणि दहा टक्क्यांहून जास्त घसरण व्हॉल्व्हला मानवत नाही. नवे व्हॉल्व्ह आता मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमधून येतात. मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यात थांबवली तेव्हा, ती पुढे सुरू झाली तरी, जगभर धावपळ उडाली होती. म्हणून व्हॉल्व्ह जपायला मी स्टॅबिलायझर लावला.

एक नुकसान मी सोसलं आहे, ते सांगायलाच हवं. स्पीकरची वायर सैल राहिली आणि मी अ‍ॅम्प चढवला. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पला स्पीकर नसेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये दाब उसळतो, आणि माझा ट्रान्सफॉर्मर तसाच जळला. पंपाच्या मोटारी भरणाऱ्या दुकानात वाइंडिंग करून घेतलं. वेढे मोजून बरोबर, तांबं चांगलं, पण आवाजातली टीप गेली. या ट्रान्सफॉर्मरमध्ये आतली आणि बाहेरची वाइंडिंग चपातीच्या पदरांसारखी आलटून पालटून घालावी लागते, नाहीतर वरचे स्वर वाटेतच गळतात. हैदराबादला पुन्हा भरून घेतल्यावर अ‍ॅम्प बोलला.

आपल्याकडे व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर आला तो गिटारसाठी नव्हे, सभेसाठी. १९३१ च्या कराची काँग्रेसमध्ये नानिक मोटवाने यांच्या शिकागो रेडिओचे लाउडस्पीकर होते. त्यांचा कारखाना पुढे नाशिकला आला. नंतर दिल्लीच्या आहुजाचे अ‍ॅम्प्लिफायर गावोगावच्या मांडवांत पोचले. बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स साठच्या दशकापासून देशातच व्हॉल्व्ह करत होती. अशी जुनी यंत्रं अजून माळ्यावर, देवळाच्या कोठीत, मंडळाच्या पेटाऱ्यात आहेत आणि तांब्याच्या भावाने भंगारात जात आहेत. त्यांतले पदर घालून भरलेले ट्रान्सफॉर्मर आज नव्याने करून घ्यायला किती फिरावं लागतं, हे मी अनुभवलं आहे. जुन्या रेडिओतला एकटा ईएल८४ चार-पाच वॉट देतो. घराला तेवढे पुष्कळ झाले.

म्हणून एक विनंती. असा अ‍ॅम्प किंवा रेडिओ घरात असेल तर विकण्याआधी व्हॉल्व्ह जाणणाऱ्या माणसाला दाखवा. स्वतः उघडू नका, बंद केल्यावरही आत जीव घेण्याइतका दाब साठलेला असतो. आणि व्हॉल्व्हचे नंबर इंग्रजी ‘यू’ अक्षराने सुरू होत असतील, म्हणजे यूएल८४, यूसीएच८१ असे, तर त्याला गिटार कधीही जोडू नका. त्या रेडिओत सहसा मेन्सचा ट्रान्सफॉर्मर नसतो, गल्लीतली वीज थेट आतल्या धातूच्या सांगाड्यावर आणि तिथून तुमच्या बोटाखालच्या तारेवर येऊ शकते. नंबर ‘ई’ने सुरू होत असले तरी मेन्सचा ट्रान्सफॉर्मर आहे का, हे जाणकाराकडून तपासून घ्या. असेल, तर ते यंत्र जपून ठेवा.