लाळ आटते तेव्हा

जांभळं खाल्ली की जीभ जांभळी होते, पण त्याआधी ती जाड आणि खरखरीत लागते. तुरटपणात चवीपेक्षा स्पर्शच जास्त असतो. जांभळातलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, त्यांचा साका होतो आणि जिभेवरचं वंगण क्षणभर नाहीसं होतं. एरवी ते तिथे आहे, हे आपल्या ध्यानीमनीही नसतं.

लाळेत 99 टक्क्यांहून जास्त पाणीच. दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. भाकरीचा घास चावत राहिलं की गोड लागतो तो अमायलेजमुळे, हे आपण शाळेत शिकतो आणि तिथेच थांबतो. राखणीचं काम त्याहून मोठं आहे. लायसोझाइम जिवाणूंची भित्तिका फोडतं. ते अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1922 मध्ये, पेनिसिलिनच्याही आधी, शोधलं. लॅक्टोफेरिन जिवाणूंना लोह मिळू देत नाही. हिस्टॅटिन बुरशीला आवरतं.

मला सगळ्यात विलक्षण वाटते ती दातांची डागडुजी. गोड खाल्लं की दातांवरचे जिवाणू आम्ल तयार करतात. सामू साधारण 5.5च्या खाली उतरला की एनॅमलमधलं कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागतं. मग लाळेतलं बायकार्बोनेट आम्ल मारतं आणि लाळेतलेच क्षार पुन्हा दातात बसतात. हे क्षार लाळेत इतके ठासून भरलेले असतात की त्यांचे खडेच झाले असते, पण स्टॅथेरिन नावाचं प्रथिन त्यांना विरघळलेलं ठेवतं. या दुरुस्तीला वेळ लागतो. दर थोड्या वेळाने गोड चहा-बिस्किट चालू असेल तर तो मिळत नाही. झोपेत तर लाळ जवळजवळ थांबते, म्हणून रात्री दात घासल्यावर दूधसुद्धा नको.

लाळ आटली की हे सगळंच थांबतं. तंबाखूने आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचे किती रुग्ण दिले आहेत, ते सांगायला नको. त्यांच्यावरच्या किरणोपचारात अनेकांच्या लाळग्रंथी होरपळतात. मग भाकरीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नाही, बोलताना जीभ टाळूला चिकटते, आणि आयुष्यभर धड राहिलेले दात हिरडीलगत किडू लागतात. म्हणून उपचाराआधीच दात तपासून घेतात, फ्लोराइड देतात, आणि जमेल तिथे कानापुढच्या ग्रंथी वाचवून किरण सोडतात. यातली एक ग्रंथी वाचली तरी ताटातली भाकरी परत कोरडी खाता येण्याची आशा राहते.