मोफत आणि मुक्त

मुक्त शिक्षण म्हणजे फुकटचे शिक्षण, असे सर्रास समजले जाते. घोटाळा होणे साहजिक आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठामुळे 'मुक्त' हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. पण तिथे मोकळा असतो तो प्रवेश. फी भरावीच लागते.

मुक्त शैक्षणिक साहित्यात मोकळीक असते वापराची. शेजारणीने वाटीभर दही दिले, ते खाल्ले, संपले, हे मोफत. त्यातलेच चमचाभर विरजण म्हणून घालून आपण पातेलेभर दही लावले आणि उद्या तिसऱ्या घरी दिले, तर ते मुक्त. अमेरिकेतल्या एमआयटीने २००१ मध्ये जाहीर केलेला ओपनकोर्सवेअर (अभ्यासक्रमांचे साहित्य सर्वांना खुले करणारा उपक्रम) या दुसऱ्या जातीचा. त्याला क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना (निर्मात्याने अटींसह आधीच दिलेली वापराची मुभा) आहे. त्यातल्या टिपणांचे मराठी भाषांतर वर्गात वाटायला कुणाला विचारावे लागत नाही. श्रेय द्यायचे, परवाना तोच ठेवायचा, धंदा करायचा नाही, इतकेच.

२०१२ पासून फोफावलेले बरेच मूक (हजारोंना एकाच वेळी घेता येणारे ऑनलाइन अभ्यासक्रम) पाहायला फुकट असतात. त्यात फेरफार करायची मुभा नसते. आपल्या केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या ऑनलाइन मंचावरही शिकणे मोफत असले, तरी प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क पडते.

नोंदणीच्या आकड्यांवर मात्र फार जाऊ नये. हार्वर्ड-एमआयटीच्या अशा अभ्यासक्रमांत २०१७-१८ साली नाव घालणाऱ्यांपैकी शेवट गाठला साधारण ३ टक्क्यांनी. पैसे भरून प्रमाणपत्राच्या वाटेला लागलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांनी.