ज्योत मोजते पालाश

आमटी उतू गेली की गॅसची निळी ज्योत क्षणभर पिवळीजर्द होते. आपण घाईघाईनं गॅस बारीक करतो आणि ओटा पुसायच्या मागे लागतो. पण तो पिवळा रंग आमटीचा नसतो, हळदीचा तर नसतोच. तो असतो मिठातल्या सोडियमचा. नुसतं मिठाचं पाणी ज्योतीवर शिंपडलं तरी तोच रंग दिसेल. याच साध्या गोष्टीवर माती परीक्षण प्रयोगशाळेतलं एक महत्त्वाचं यंत्र चालतं, फ्लेम फोटोमीटर.

घडतं ते असं. ज्योतीच्या उष्णतेनं मिठातले अणू सुटे होतात. सोडियमच्या अणूतला सर्वांत बाहेरचा इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतो. तिथं त्याला टिकता येत नाही. तो लगेच खाली येतो आणि घेतलेली ऊर्जा प्रकाशाच्या रूपानं परत करतो. प्रत्येक मूलद्रव्याच्या पायऱ्यांची उंची वेगळी, म्हणून प्रकाशही वेगळा. सोडियमचा पिवळा प्रकाश ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीचा, लिथियमचा लाल ६७१चा. पोटॅशियमची ज्योत डोळ्यांना फिकट जांभळी दिसते, पण त्याचा खरा जोरकस प्रकाश ७६६ ते ७७० नॅनोमीटरवर, म्हणजे आपल्या दृष्टीच्या अगदी कडेला असतो. कॉलेजात क्षारांची परीक्षा करताना ‘निळ्या काचेतून बघा’ असं सर सांगत, ते याचसाठी. सोडियमचा किंचितसा अंशही पोटॅशियमचा रंग झाकून टाकतो.

जर्मनीत हायडेलबर्ग इथं बुन्सेन आणि किर्खहोफ यांनी ज्योतीचा प्रकाश लोलकातून पाहून १८६० साली सीझियम हे नवं मूलद्रव्य शोधलं. त्यांचा प्रश्न होता, ‘यात काय आहे?’ ‘किती आहे?’ हा प्रश्न ज्योतीला पद्धतशीरपणे विचारला तो १९२०च्या दशकाच्या अखेरीस, स्वीडनच्या लुंडेगार्ड या शास्त्रज्ञानं. हा माणूस वनस्पतींचा अभ्यासक होता, हे मला फार बोलकं वाटतं. झाडाला काय मिळतं, ही त्याची मूळ चौकशी.

आपल्याकडेही तीच चौकशी चालते. पाच ग्रॅम मातीत २५ मिलिलिटर अमोनियम ॲसिटेटचं द्रावण घालून पाच मिनिटं हलवतात. मातीच्या कणांना चिकटलेल्या पोटॅशियमची जागा अमोनियम घेतो आणि पोटॅशियम पाण्यात उतरतं. ते गाळून घ्यायचं आणि यंत्राच्या बारीक नळीखाली धरायचं. हवेच्या जोरानं द्रावण वर ओढलं जातं, त्याचा धुक्यासारखा फवारा होतो आणि तो ज्योतीत जातो. समोरचा फिल्टर फक्त पोटॅशियमचा प्रकाश पुढं सोडतो, आणि पडद्यावर आकडा उमटतो.

पण हा आकडा स्वयंभू नसतो. सुमारे दोन हजार केल्विन तापमानाला सोडियमच्या लाखभर अणूंपैकी एका वेळी जेमतेम एखादा वरच्या पायरीवर असतो. पोटॅशियमची पायरी थोडी ठेंगणी, तिथं जरा जास्त. तरीही बहुसंख्य खालीच. गॅसचा दाब हलला, कॉम्प्रेसर दमला, नळीत कचरा अडकला, की प्रकाश बदलतो. म्हणून यंत्राला आधी ओळखीची द्रावणं दाखवावी लागतात: एक पोटॅशियम नसलेलं, मग दहा, वीस, चाळीस पीपीएमची. त्यांच्याशी तुलना करूनच अनोळखी द्रावणाचा आकडा ठरतो. दर दहा नमुन्यांमागे एकदा प्रमाण द्रावण पुन्हा लावून पाहावं. हे कंटाळवाणं काम आहे आणि गर्दीच्या दिवसांत नेमकं तेच टाळलं जातं.

टाळल्यानं काय होतं, ते हिशेबानं पाहू. द्रावणातल्या आकड्याला पाचनं गुणलं की मातीतलं प्रमाण मिळतं. एका हेक्टरावरची वरची १५ सेंटिमीटर माती साधारण २२ लाख ४० हजार किलो धरतात, म्हणून पुन्हा २.२४नं गुणायचं. एकूण गुणक झाला ११.२. म्हणजे यंत्रावर एका पीपीएमची चूक झाली की कागदावर हेक्टरी ११ किलोंची चूक होते. रूढ वर्गवारीत हेक्टरी १२० किलोंपेक्षा कमी पोटॅशियम म्हणजे जमीन गरीब, २८०च्या वर म्हणजे श्रीमंत.

रुग्णालयांतही रक्तातलं सोडियम-पोटॅशियम पूर्वी याच ज्योतीनं मोजत. आता तिथं बहुतेक ठिकाणी इलेक्ट्रोडची यंत्रं आली. मातीसाठी मात्र ज्योत अजून चालते, कारण ती स्वस्त आणि झटपट आहे.

यंत्र चोख असलं तरी सगळं निभावतंच असं नाही. एकदा एका शेतकऱ्याचा नमुना आमच्याकडे आला. जमीन हलकी, मुरमाड. डाळिंब लावायचं होतं. यंत्रावर आकडा आला ३८, म्हणजे हेक्टरी ४२५ किलो! अशा जमिनीत एवढा पालाश? प्रमाण द्रावण तपासलं, बरोबर. नवा अर्क काढला, पुन्हा ३८. तो अहवाल तसाच गेला असता, तर पालाशाचं खत घालू नका असाच सल्ला दिला असता. शेवटी त्यांनाच विचारलं, ‘दादा, माती कशात आणली होती?’

‘खताच्या रिकाम्या गोणीत. चांगली झटकून घेतली होती की!’

आठ दिवसांनी ते पुन्हा आले. या वेळी शेतात दहा ठिकाणी खड्डे घेऊन, माती मिसळून, स्वच्छ कापडी पिशवीतून आणली होती. आकडा आला नऊ.